चादरीतलं कासव

प्रिय अण्णा,

आठवी 'ब'चे पेपर समोर पडलेत, लाल पेन उघडं आहे, आणि मी तपासायचं सोडून तुम्हाला पत्र लिहायला बसलेय. आज दुपारी आईनं मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही असता तर तशीच उठून घरी आले असते आणि तुमच्याशी कडाकडा भांडले असते. ते आता जमत नाही, म्हणून लिहितेय.

तसं मला तुमच्याशी बोलायचं होतंच. तुम्हाला जाऊन पाच महिने झाले, आणि हे पाच महिने एकच प्रश्न मला छळतोय. जाताना तुमच्या मनात माझ्यावर राग होता का? आईला हा प्रश्न विचारायची हिंमत झाली नाही. विचारला असता तर आधी मी काय केलं होतं ते सांगावं लागलं असतं.

काय केलं होतं ते तुम्हाला माहीतच आहे, तरी कबूल करते. गेली चार वर्षं, प्राण्यांच्या अंगाचं तापमान हा भाग शिकवायला घेतला की मी वर्गात तुमची गोष्ट सांगते. "आपल्या सोलापुरात एक चादरवाले होते. त्यांनी थंडीत कासवाला चादर पांघरली." एवढं म्हटलं की पोरं खिदळायला लागतात. पुढं मी नक्कल करते. तुमची नक्कल, अण्णा, हातवाऱ्यांसकट.

तुम्ही म्हणाल, ही आग मुळात लावली कुणी? तर तुम्हीच. आठवतंय का, आपल्या दुकानात गिऱ्हाईक आलं की तुम्ही चादर उलगडायच्या आधी घडी तशीच त्याच्यापुढं धरायचात. "घाला हात आत. घाला की, लाजताय काय! आता धा आकडे मोजा." गिऱ्हाईक मुकाट मोजायचं. दहा झाले की तुम्ही भुवया उडवून विचारायचात, "आली का न्हाय ऊब? सोलापूरची चादर हाय ही. सुतातच ऊब ईणलेली असती." भर मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आणि लग्नाच्या आहेराला आलेली माणसं घडीत हात घालून घामाघूम व्हायची आणि वर माना डोलवायची. पेठेतल्या दुसऱ्या कुठल्याच दुकानात असलं काही नव्हतं.

मी सातवीत होते. करमाळ्याचं एक कुटुंब पोरीच्या लग्नासाठी चादरी घ्यायला आलं होतं. मुलीच्या वडलांनी हात घातला, दहा मोजले, "आली बगा ऊब" म्हणाले. आणि मी कोपऱ्यात अभ्यास करत होते, ती वहीतून डोकं वर काढून बोलले, "काका, ती ऊब चादरीची नाही, तुमच्या हाताची आहे. आपलं अंग उष्णता तयार करतं. चादर फक्त ती बाहेर जाऊ देत नाही." आदल्याच दिवशी शाळेत शिकवलं होतं, तोंडात मावत नव्हतं. काकांनी हात बाहेर काढला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "मंग हात तर आमी घरनंच आणलाय की."

चादरी त्यांनी घेतल्या. तुम्ही मात्र तीन दिवस माझ्याशी अबोला धरलात. चौथ्या दिवशी बोललात ते एवढंच, की उद्यापास्नं अभ्यास घरात करायचा.

तेव्हापासून माझं पक्कं मत झालं की अण्णांना शास्त्र सांगून उपयोग नाही. पुढं मी विज्ञानाची शिक्षिका झाले, तुम्ही मला 'मास्तरीण' म्हणायला लागलात, पण माझं एक अक्षर तुम्ही कधी मान्य केलं नाहीत. त्या तांबड्या कुत्र्याचंच बघा. दुकानाच्या पायरीवर पडलेलं असायचं, एप्रिलमध्ये त्याची वीतभर जीभ बाहेर. तुम्ही त्याला शिव्या घालायचात, "नुसतं पडून बी दम लागतोय ह्याला." मी म्हटलं, अण्णा, तो दम नाही. आपल्याला अंगभर घाम येतो, घाम वाळला की अंग गार होतं. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या तळव्यांना जरासा, त्यानं काय होणार? म्हणून ते जीभ काढून धापा टाकतं. तोंडातलं पाणी वाळतं आणि त्याचं अंग गार होतं.

तुम्ही "हं" म्हणालात आणि पेपर वाचायला लागलात. दुसऱ्या दिवशी बघते तर पायरीवर पाण्यानं भरलेलं जर्मनचं पातेलं, आणि तुम्ही गिऱ्हाइकाला सांगताय, "कुत्र्याचा कूलर जिभेत असतोय. लई लोकांना म्हाईत नसतं." मी म्हटलं, हे मीच काल सांगितलं ना? तर म्हणे, "सांगितलं असशील. माझ्या ध्यानात आधीपास्नंच हुतं." काय बोलणार माणूस!

एकदा तुम्हाला ताप आला होता. दोन चादरी घेऊन कुडकुडत होता आणि आई घाबरून गेली होती, की अंगाला हात लावला तर भट्टी, मग थंडी कशी वाजते. मी खुर्ची ओढून बसले आणि समजावलं. मेंदूनं अंगाचं तापमान वर न्यायचं ठरवलं की आहे ते त्याला कमी वाटतं, मग स्नायू थरथरतात आणि त्यातून उष्णता तयार होते. कुडकुडणं म्हणजे अंगानं काम काढणं. तुम्ही चादरीतनं फक्त नाक बाहेर काढलंत आणि म्हणालात, "समजलं. आता तिसरी चादर दे आणि जा शाळंला."

मग मॅनेजर आला. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची बदली झाली, आणि काचेच्या टाकीसकट ते पाण्यातलं कासव ते आपल्या गळ्यात घालून गेले. आईनं कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र टाकीपुढं पाटावर बसून दोन दिवस नुसते बघत होता, आणि मग नाव ठेवलंत. काचेच्या केबिनमध्ये बसतो, काम काही करत नाही आणि मान बाहेर काढून दुसऱ्यांकडं बघतो, म्हणून मॅनेजर. मागावर काम करायचात त्या दिवसांतला कुणी मॅनेजर तुमच्या डोळ्यापुढं असणार, त्याशिवाय इतक्या प्रेमानं तुम्ही "काय साहेब, बरं हाय न्हवं?" म्हणाला नसता.

पहिलीच थंडी. हुरड्याचे दिवस. मॅनेजरनं खाणं सोडलं, पाय आत घेतले, डोळे मिटले. आई म्हणाली, गेलं वाटतं. तुम्ही म्हणालात, थंडी वाजतीय त्याला. आणि दुकानातून कोरी करकरीत चादर आणलीत, मोराची, जी तुम्ही व्याह्यांना सुद्धा दाखवली नव्हती. संध्याकाळी मी आले तर टेबलावर गाठोडं. सोडून बघितलं तर आत मॅनेजर, टाकीतून काढला तेवढाच गार.

मी पुन्हा शिकवायला बसले. सवय जाते का? म्हटलं, अण्णा, आपण, गाई-म्हशी, चिमण्या-कावळे, आपल्या सगळ्यांच्या आत चूल पेटलेली असते. खाल्लेल्यातलं बरंचसं त्या चुलीतच जातं, म्हणून आपल्याला दोन वेळा जेवायला लागतं आणि बाहेर थंडी असो की आपला सोलापूरचा उन्हाळा, अंग आतून तेवढंच राहतं. कासव, साप, सरडा, पाल यांची चूल नसल्यातच जमा. त्यांनी ऊब बाहेरून घ्यायची. म्हणून सरडा सकाळी कुंपणावर उन्हाला येऊन बसतो आणि फार तापलं की सावलीला जातो. त्यांना थंड रक्ताचे म्हणतात खरं, पण दुपारच्या दगडावरचा सरडा तुमच्या-माझ्याएवढा गरम असू शकतो. त्याचं सगळं जागा बदलण्यावर चालतं. आणि चूल पेटती ठेवायची नाही म्हणून त्यांना खायलाही थोडं पुरतं. तुमच्या कासवाला चादर घालून काय होणार? बर्फवाला बर्फावर गोणपाट टाकतो ते काय बर्फाला ऊब यावी म्हणून? गार वस्तू गुंडाळली की गारच राहते.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "चादर पातळ पडली असंल."

दुसऱ्या दिवशी दोन चादरी. तिसऱ्या दिवशी तीन, आणि वर सुतळी. मॅनेजर आपला आत गारच्या गार. मग तुम्ही ताप बघायचं काचेचं थर्मामीटर काढलंत आणि त्याच्या मागच्या पायापाशी धरून बसलात. पारा हलेना. हलणार कसा, त्यावरचा आकडाच चौऱ्याण्णवपासून सुरू होतो! पण तुम्ही ठरवलंत की थर्मामीटर बिघडलं, आणि तडक मेडिकलवाल्याकडे जाऊन त्याला झापलंत. त्या बिचाऱ्यानं ते स्वतःच्या तोंडात धरून तपासलं. बरोबर साडेअठ्ठ्याण्णव आला. "चांगलं तर आहे, काका," म्हणाला. कुणाला लावलं होतं ते तुम्ही त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. तो मला अजून भेटतो, आणि मी त्याच्या नजरेला नजर देत नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मॅनेजर उठला. डोळे उघडले, काकडी खाल्ली. मी म्हटलं, ऊन वाढलंय, त्यानं उठला. तुम्ही छाती पुढं काढून म्हणालात, "बघ. चादर." पुढच्या थंडीतही तेच, त्याच्या पुढच्या थंडीतही तेच. मॅनेजर गार पडायचा, तुम्ही चादर काढायचात, आठवड्याभरात तो टाकीभर फिरायला लागायचा आणि श्रेय चादरीला जायचं.

वर्गात मी गोष्ट इथंच संपवते. कासव उन्हानं बरं झालं आणि चादरवाल्यांना वाटलं चादरीनं. टाळ्या, हशा, आणि मग फळ्यावर व्याख्या.

गेल्या थंडीत एका संध्याकाळी मी घरी आले. तुम्ही जेवत होता. मान वर न करता म्हणालात, "आज एक बाई आलती दुकानात. तिची पोरगी तुज्या शाळंत हाय. सोलापुरात कुणी चादरवाल्यानं कासवाला चादर घातली म्हणं. इच्चारत हुती, कोण ते, तुमच्याच पेठंतलं का."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मी विचारलं, "मग?"

"म्हणलं असंल कोण तर येडं." तुम्ही भाकरी मोडलीत. "मोजायची बी नक्कल करतीस व्हय?"

मी तांब्यातलं पाणी तुमच्या भांड्यात ओतलं.

"पोरं हसत्यात?"

"हसतात."

"बरं," म्हणालात आणि ताक मागितलंत.

त्या 'बरं'चा अर्थ मी किती दिवस लावत होते, अण्णा! तुम्ही रागावला असता, ताट सरकवलं असतं, तर मी तिथंच पाया पडले असते. पण तुम्ही ताक प्यालात, हात धुतलेत आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे बोललात. माफी मागायची असं मी रोज ठरवत होते. आधी परीक्षा आल्या, मग पेपर, मग निकाल, मग उन्हाळा. जूनमध्ये वर्गातली नवी पोरं रुळली की बोलू, म्हटलं. आणि जुलैमध्ये तुम्ही दुपारचे जरा आडवे झालात ते उठलाच नाहीत. एवढी कसली घाई होती? सगळं आयुष्य गिऱ्हाइकाला "बसा, बसा, चहा घ्या" म्हणणारा माणूस असा कुणाला न सांगता उठून जातो का?

आज आठवी 'ब'त तो धडा आला. गोष्ट सांगू नये असं ठरवून वर्गात गेले होते, पण मागच्या वर्षीच्या पोरांनी या पोरांना सांगून ठेवलेलं. "बाई, कासवाची, बाई, कासवाची!" सांगितली. घडी पुढं धरली, दहा मोजायला लागले आणि सातावर आवाज अडकला. पोरांना वाटलं तीही नक्कलच आहे. ती जास्तच हसली.

शाळा सुटल्यावर घरी गेले. आई शेंगा सोलत बसली होती. टाकीत मॅनेजर तळाला, पाय आत, डोळे बंद. मी मागच्या आठवड्यात टाकीवर दिवा बसवलाय, खाली दगड ठेवलाय, ऊन खाल्ल्यासारखं व्हावं म्हणून. अजून त्याला त्याची सवय नाही. आई म्हणाली, दिव्याकडं पाठ करून बसतोय. मी सहज म्हटलं, "अण्णा असते तर एव्हाना चादर आणली असती."

आई म्हणाली, "चादरीनं काय हुतंय? ते पोटावर घ्यायचे त्याला."

मी म्हटलं, काय?

"पोटावर. दुकानावरनं दुपारी आले की त्याला धुवायचे, पुसायचे, बनियन वर करायचे आणि ठिवायचे पोटावर. वरनं चादर. दोन-दोन तास उताणे पडायचे, कूस बदलायची न्हाय, खोकायचं न्हाय. मी म्हणायचे, अवो, लोकं नातवंडं निजवत्यात पोटावर. नखांनी बनियनला भोकं पाडली त्यानं. मी कितीदा रफू केलं, इच्चार."

मी विचारलं, "कधीपासून?"

"पयल्या थंडीपास्नं. तीन चादरींनी हुईना तवा म्हणले, पोरगी सांगती ते खरं हाय. चादरीत काय नसतंय, आतल्यानं गरम असाय लागतंय. ह्यो तर गार. मंग म्हणले, मी हाय की गरम."

अण्णा, मी खाली बसले. शेंगांच्या टरफलांवरच बसले.

तुम्ही बरोबर होता! माझं ऐकलं होतंत, समजून घेतलं होतंत आणि त्याच्या पुढचं स्वतः शोधलं होतंत. ऊन नव्हतंच ते. चार वर्षं फळ्यापुढं उभी राहून मी चुकीचं सांगत होते आणि तुम्ही घरी बरोबर करत होता. आणि हे माझ्यापासून लपवलंत? कुत्र्याच्या जिभेचं श्रेय सोडलं नाहीत, आणि हे सोडलंत?

मी आईवर ओरडले, की मला का नाही सांगितलं. आई शांतपणे शेंगा फोडत होती. म्हणाली, "मी सांगणारच हुते. ती बाई येऊन गेली त्याच राती मी म्हणलं, सांगते पोरीला, खरं काय ते. तर माज्यावरच खेकसले. म्हणले, गप बस. नोकरी लागली तवा ती हितं येऊन रडायची, वर्ग ऐकत न्हाय म्हणून. आता पोरं तिच्या तासाला हसत्यात, बसत्यात. गोष्ट खरी निघाली तर कोण हसंल? ऱ्हाऊ दे."

मी रडायचे, हे मला आठवत पण नव्हतं. पहिल्या वर्षी मागच्या बाकावरची पोरं विमानं उडवायची आणि मी शनिवारी येऊन आईच्या पदरात तोंड घालायचे. तुम्ही तेव्हा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असायचात. मला वाटायचं, तुमचं लक्ष नाही.

आता माफी कशाची मागू तेच कळत नाही. नक्कल केल्याची मागू, की तुम्हाला न ओळखल्याची? तुम्ही दोन्ही माफ केली असणार, त्याची आता मला शंका नाही. पण तुम्ही माफ केलंत म्हणून मी गप्प बसणार नाही.

उद्या तिसरा तास आठवी 'ब'चा आहे. मी गोष्ट पुन्हा सांगणार आहे, आणि जिथं थांबत होते त्याच्या पुढं जाणार आहे. तीन चादरींनी झालं नाही ते पोट उघडं टाकून कसं झालं, आणि ते शास्त्राला धरून का होतं, ते चित्र काढून समजावणार आहे. पोरं हसली नाहीत तरी चालेल. तास फुकट गेला तरी चालेल. आणि अण्णा, चार वर्षांत एक गोष्ट मी वर्गात कधीच बोलले नव्हते, लाज वाटायची म्हणून. उद्या 'सोलापुरात एक चादरवाले होते' असं म्हणणार नाही. माझे वडील होते असं सांगेन.

तुमची मुलगी,
सुनंदा